‘किरकोळ फेरबदल’ या संज्ञेची चिकित्सा : भूवापर-निर्णयाची प्रक्रिया आणि जालना जिल्हा

प्रास्ताविक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून एक शासकीय सूचना बारीक टाइपात छापून येते. अमुक गावच्या अमुक गट क्रमांकातील इतके क्षेत्र शेती विभागातून वगळून रहिवास विभागात घेण्याचे योजिले आहे, नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात, असा तिचा सर्वसाधारण आशय असतो. ही सूचना वाचणारे फार थोडे असतात. ज्याची ती जमीन असते तो वाचतो, जमिनीचे व्यवहार करणारा वाचतो आणि कधी एखादा वकील वाचतो. शेजारच्या गटात मोसंबीची बाग असलेल्या शेतकऱ्याच्या नजरेस ती पडेलच असे नाही. पडली तरी तिचा आपल्या विहिरीशी काही संबंध आहे, हे तिच्या भाषेतून त्याला उमजत नाही.

नगरनियोजनावर आपल्याकडे जे लेखन होते त्यात आराखडा कसा असावा, याची चर्चा भरपूर असते. मंजूर आराखडा पुढे एकेका अर्जाने कसा बदलत जातो, याची चर्चा त्या मानाने फारच कमी आढळते. वास्तविक शहराचा आणि शहरालगतच्या गावांचा चेहरा घडविण्यात या दुसऱ्या प्रक्रियेचा वाटा लहान नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ हा चिकित्सेचा विषय केला आहे. कायद्याचा मजकूरही एक संहिताच असते. त्यात कोणता शब्द कोठे आला, कोणाला बोलण्याची मुभा मिळाली आणि कोणाला उत्तर मिळण्याचा हक्क मिळाला, हे बारकाईने वाचले म्हणजे त्यामागील दृष्टी स्पष्ट होते. मराठवाड्यातील, त्यातही जालना जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून हे वाचन येथे केले आहे.

शीर्षकातील शब्द आणि मजकुरातील कसोटी

कलम ३७ चे शीर्षक अंतिम विकास योजनेतील ‘किरकोळ फेरबदल’ असे आहे. मात्र कलमाच्या प्रत्यक्ष मजकुरातील कसोटी निराळी आहे. ज्या फेरबदलाने विकास योजनेचे स्वरूप बदलणार नाही, असा फेरबदल नियोजन प्राधिकरणाला प्रस्तावित करता येतो, असे तेथे म्हटले आहे. ‘किरकोळ’ हा शब्द आकाराविषयी बोलतो, तर ‘स्वरूप’ हा शब्द गुणाविषयी. एक हेक्टराचा बदल आकाराने किरकोळ असतो. परंतु ते एक हेक्टर नदीच्या पूररेषेत असेल, जलाशयाच्या पाणलोटात असेल किंवा एखाद्या वस्तीला मिळणारे एकमेव खेळाचे मैदान असेल, तर गुणाने तो बदल किरकोळ राहत नाही.

व्यवहारात या दोन कसोट्यांपैकी पहिलीच वापरली जाते, कारण ती सोपी आहे. क्षेत्रफळ सातबाऱ्यावर लिहिलेले असते. स्वरूप मात्र कोठेच लिहिलेले नसते. ते ठरविण्यासाठी आराखड्याचा मूळ हेतू काय होता, या भागात शेती विभाग का ठेवला होता, रहिवासाची सीमा येथेच का थांबविली होती, या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. अनेकदा आराखड्याच्या अहवालातही ती नीटशी सापडत नाहीत. परिणामी शेती विभाग म्हणजे ‘अद्याप बांधकाम न झालेली जमीन’ एवढाच अर्थ प्रशासनाच्या आणि लोकांच्याही मनात रुजला आहे. बोलीभाषेतही हेच उमटलेले दिसते. जमीन ‘हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात आली’ असे लोक म्हणतात, आणि त्या ‘आली’मध्ये सुटकेचा भाव असतो.

नकाशावरील या दोन रंगांमधील रेषा सरकली की जमिनीचे मोल बदलते. शेतकऱ्याने बांधबंदिस्ती केली, विहीर खणली, ठिबक बसविले, तरी जेवढी किंमत वाढत नाही, तेवढी एका अधिसूचनेने वाढते. हे मोल सार्वजनिक निर्णयातून निर्माण होत असल्याने त्या निर्णयाची कारणेही सार्वजनिक असावीत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

बेरजेचा प्रश्न

अधिनियमाच्या रचनेत एक विसंगती आहे आणि तीच या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा आहे. विकास योजना प्रारूप अवस्थेत असताना तिच्यात केलेले बदल ‘भरीव स्वरूपाचे’ कधी मानावेत, याची व्याख्या कलम २२-अ मध्ये दिली आहे. त्यातील एका खंडानुसार, जमीन एका विभागातून दुसऱ्या विभागात टाकल्यामुळे त्या दुसऱ्या विभागाचे क्षेत्र त्याच नियोजन घटकात दहा टक्क्यांनी वाढत असेल, तर तो बदल भरीव ठरतो. सार्वजनिक सुविधांच्या बाबतीत तर एकंदर घट दहा टक्क्यांहून अधिक होते काय, हे पाहावे लागते. म्हणजे विधिमंडळाला बेरजेचे महत्त्व ठाऊक होते. सुटे सुटे बदल एकत्र पाहिल्याशिवाय त्यांचे स्वरूप कळत नाही, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले आहे.

परंतु योजना एकदा अंतिम झाली की हे तत्त्व मागे पडते. कलम ३७ अन्वये येणारा प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासला जातो. यापूर्वी याच भागात असे किती फेरबदल झाले, त्यांचे एकूण क्षेत्र किती, याचा हिशेब मांडण्याचे बंधन त्या कलमात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या नियोजन घटकात २०० हेक्टर क्षेत्र रहिवास विभागात आहे. तेथे दोन हेक्टर शेतजमीन रहिवासात घेण्याचा प्रस्ताव आला, तर ती वाढ एक टक्का होते. ती किरकोळ आहे, याविषयी कोणी वाद घालणार नाही. असे दहा प्रस्ताव दहा वर्षांत मंजूर झाले की वाढ वीस हेक्टर, म्हणजे दहा टक्के होते. हाच बदल प्रारूप अवस्थेत एकदम सुचविला असता, तर कायद्याने तो भरीव मानला असता आणि त्यासाठी नव्याने हरकती मागवाव्या लागल्या असत्या. दहा वेळा वेगवेगळ्या सूचना निघाल्यामुळे मात्र तो शेवटपर्यंत किरकोळच राहतो. दहाव्या प्रस्तावाला हरकत घेणारा माणूस पहिल्या नऊ प्रस्तावांविषयी बोलू लागला, तर तो विषयांतर करीत आहे असे ठरते. थेंबे थेंबे तळे साचते ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. कलम ३७ मात्र प्रत्येक वेळी थेंबच मोजते.

या प्रक्रियेत जो तोटा होतो तो कोणा एकाचा नसतो. पाणीपुरवठ्यावर थोडा ताण येतो, नाल्याचे पात्र थोडे आवळते, शाळेचे अंतर थोडे वाढते. असा थोडा थोडा तोटा न्यायालयात सिद्ध करता येत नाही आणि सुनावणीत प्रभावीपणे मांडताही येत नाही.

निर्णय घेतो कोण?

अमेरिकेतील शहरांत आणि परगण्यांत नियोजन आयोग नावाची नियुक्त नागरिकांची समिती असते. एखाद्या जमिनीचा विभाग बदलण्याचा अर्ज आला की तांत्रिक कर्मचारी त्यावर अहवाल देतात, आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि निर्वाचित मंडळाला शिफारस करतो. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. तेथेही बांधकाम व्यवसायाचा प्रभाव असतो, आणि ‘आमच्या परसात नको’ म्हणणाऱ्या सधन वस्त्यांनी विभाग-नियमांचा वापर गरिबांना दूर ठेवण्यासाठी केल्याचा इतिहास आहे. तथापि, निर्णय कोणत्या टेबलावर झाला, हे तेथील नागरिकाला सांगता येते.

आपल्याकडे याच्याशी मिळतीजुळती एक समिती आहे, परंतु तिचे आयुष्य अल्प असते. प्रारूप विकास योजनेवरील हरकतींचा विचार करण्यासाठी कलम २८ अन्वये नियोजन समिती नेमली जाते. तीत स्थायी समितीचे अथवा तत्सम समितीचे तीन सदस्य आणि नगरनियोजनाचे वा पर्यावरणाचे ज्ञान असलेल्या, चारपेक्षा अधिक नसलेल्या, व्यक्ती असतात. लोकप्रतिनिधी आणि जाणकार यांना एकत्र बसविण्याची ही कल्पना चांगली आहे. पण योजना शासनाकडे गेली की समितीचे काम संपते. पुढे निदान वीस वर्षांतून एकदा योजना सुधारित करावी, अशी तरतूद आहे. या दीर्घ काळात येणाऱ्या फेरबदलांसाठी अशा समितीची तरतूद नाही. नियोजन प्राधिकरण ठराव करते, सूचना काढते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव शासनाकडे पाठविते. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन तो बदलांसह किंवा बदलांशिवाय मंजूर करते, अथवा नाकारते. शासनाने निर्देश दिल्यास प्राधिकरणाला सूचना काढावीच लागते, आणि निकडीच्या सार्वजनिक हितासाठी शासनाला स्वतःही ती काढता येते.

या साखळीत प्रत्येक कडी दुसरीकडे बोट दाखवू शकते. नगरपरिषद म्हणते, आम्ही केवळ ठराव पाठविला. नगररचना कार्यालय म्हणते, आम्ही केवळ अभिप्राय दिला. मंत्रालयातील विभाग म्हणतो, स्थानिक प्राधिकरणाची मागणी होती. निर्णय झालेला असतो, पण त्याची जबाबदारी कोणाच्याही अंगी लागत नाही.

‘नियोजन’ हे नाव धारण करणारी आणखी एक संस्था जिल्ह्यात आहे, ती म्हणजे जिल्हा नियोजन समिती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडी नुसार आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमानुसार ती स्थापन झाली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, त्यांत अवकाशीय नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे जतन, या लक्षात घेऊन तिने विकास योजनेचा मसुदा करावा, असे संविधान सांगते. व्यवहारात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीची बैठक म्हणजे वार्षिक निधीच्या वाटपाची बैठक, असेच समीकरण झाले आहे. अवकाशीय नियोजन हा शब्द संविधानात राहिला आणि भूवापराचे निर्णय अन्यत्र होत राहिले.

जालना जिल्ह्याचा संदर्भ

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि त्यांपैकी नागरी लोकसंख्या सुमारे १९ टक्के होती. जालना शहराची लोकसंख्या २००१ मध्ये २,३५,७९५ होती, ती २०११ मध्ये २,८५,५७७ झाली. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे शहर व्यापारपेठ म्हणून जुने आहे. ‘जालना, सोन्याचा पालना’ ही उक्ती त्या समृद्धीचीच साक्ष देते. बियाणे उद्योग आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने यांनी गेल्या अर्धशतकात तिला नवा आशय दिला. २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

भूवापराच्या दृष्टीने पाहिल्यास जिल्ह्याचा नकाशा अनेक अधिकारक्षेत्रांत विभागलेला आहे. जालना शहरात महानगरपालिका. अंबड, भोकरदन आणि परतूर येथे नगरपरिषदा. बदनापूर, जाफराबाद, मंठा आणि घनसावंगी येथे नगरपंचायती. औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. उरलेल्या विस्तीर्ण ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, असे हे चित्र आहे. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. ७०१ किलोमीटर लांबीच्या या महामार्गाचा सुमारे ४२ किलोमीटरांचा भाग जालना जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. या मार्गालगत नियोजित नवनगरांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे नियोजनाचे अधिकार देण्यात आले. २०१५ मध्ये पायाभरणी झालेला शुष्क बंदराचा प्रकल्प शहराच्या पश्चिमेकडील जमिनींकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधून गेला.

प्रत्येक अधिकारक्षेत्राचा निर्णय आपापल्या सीमेत सयुक्तिक असू शकतो. परंतु पाण्याला या सीमा ठाऊक नसतात. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडीच्या जलाशयाने जालन्याची तहान दीर्घकाळ भागविली. शहरवासीयांनी लोकसहभागातून त्यातील गाळ काढला, ही अलीकडच्या काळातील अभिमानाची गोष्ट आहे. गाळ काढण्यासाठी लोक एकत्र येतात, कारण गाळ डोळ्यांना दिसतो. पाणलोट क्षेत्रातील एखादा गट शेतीतून रहिवासात जाणे मात्र दिसत नाही. तो निर्णय जलाशयापासून दूर, दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्या फायलीत होतो. त्या फायलीत जलाशयाचा उल्लेख असेलच, याची हमी कलम ३७ देत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, शहराला टँकरवर विसंबावे लागले आणि त्यानंतर जायकवाडीचे पाणी दुरून आणावे लागले. ज्या जिल्ह्याने हे अनुभवले आहे, तेथे प्रत्येक भूवापर-निर्णय हा पाण्याविषयीचाही निर्णय असतो, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

येथे आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका लांबल्यामुळे राज्यातील अनेक शहरांप्रमाणे जालन्यातही प्रशासकाची राजवट आली. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा, ठराव संमत करणारा आणि सुनावणीची व्यवस्था करणारा अधिकार एकाच ठिकाणी एकवटतो. अधिकारी कितीही निःपक्षपाती असला तरी सभागृहातील विरोधाचा सूर या रचनेत उमटूच शकत नाही. अर्थात सभागृह असणे हीदेखील हमी नव्हे. औरंगाबादच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रकरण २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आले आणि तो आराखडा रद्द झाला. तेथे वाद उद्भवला होता तो सर्वसाधारण सभेने केलेल्या बदलांवरूनच. त्यामुळे सभागृह की अधिकारी, हा खरा प्रश्न नसून जो कोणी निर्णय घेईल त्याने कारण द्यावे की नाही, हा आहे.

ऐकणे आणि उत्तर देणे

कलम ३७ अन्वये हरकत घेण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीला आहे. फेरबदलाने बाधित होणाऱ्या सर्वांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे, असेही बंधन आहे. वरकरणी ही तरतूद उदार दिसते. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ४५ शी तिची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. विकास परवानगी मागणाऱ्याला परवानगी नाकारली, तर आदेशात कारणे नमूद करावी लागतात. नियमानुसार केलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. शिवाय कलम ४७ अन्वये त्याला अपील करता येते. अर्जदाराला कारण, मुदत आणि अपील या तिन्ही गोष्टी मिळतात. फेरबदलास हरकत घेणाऱ्याला केवळ ऐकून घेतले जाण्याचा हक्क मिळतो. त्याची हरकत का मान्य झाली नाही, हे त्याला कळविण्याची तरतूद कलम ३७ मध्ये नाही. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन, दिवसाची मजुरी बुडवून, हातातला कागद अधिकाऱ्यासमोर ठेवून परतणाऱ्या माणसाला पुढे काय झाले, ते राजपत्रावरूनच कळायचे. राजपत्र त्याच्या गावी पोचत नाही.

न्यायालयीन निर्णयांतून या प्रश्नावर संमिश्र प्रकाश पडतो. पुणे महानगरपालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन या २००४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७ अन्वये विकास नियंत्रण नियमावलीत केलेला बदल हे प्रत्यायोजित विधिनिर्मितीचे कार्य मानले आणि शासनाला प्रस्तावात बदल करण्याचे विस्तृत अधिकार असल्याचे सांगितले. संपूर्ण शहराला लागू होणाऱ्या नियमाच्या बाबतीत हा तर्क समजण्यासारखा आहे. परंतु त्याच कलमाचा वापर एका गट क्रमांकाचा विभाग बदलण्यासाठी होतो, तेव्हा त्याला विधिनिर्मिती म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये फसानो खटल्यात हाच भेद केला. सर्वांसाठी नियम करणे हे विधिकार्य होय. विशिष्ट भूखंडाला तो नियम बदलून देणे हे निवाड्यासारखे कार्य होय, आणि म्हणून तेथे बदल मागणाऱ्याने त्याची आवश्यकता सिद्ध केली पाहिजे, असे त्या न्यायालयाने म्हटले. आपल्या न्यायशास्त्रात हा भेद अधिक ठळकपणे येणे इष्ट आहे.

दुसऱ्या बाजूस, बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा (१९९१) या निवाड्यात उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या निर्देशावरून खासगी रुग्णालयास देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला आणि परिसरातील रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. मनोहर जोशी विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात पुण्यातील प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंडाचे आरक्षण उठविण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये ते मत कायम केले. या प्रकरणांतून सत्तेच्या दुरुपयोगावरचा उपाय दिसतो, तसेच त्याची किंमतही दिसते. पुण्यातील निकाल अंतिम होण्यास उच्च न्यायालयानंतर बारा वर्षे लागली. ज्या मुलांसाठी शाळा हवी होती ती त्या काळात मोठी होऊन गेली. हरकतदाराला सुनावणीच्या टप्प्यावरच सकारण उत्तर मिळाले असते, तर काय घडले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी बाजू

या चिकित्सेवर काही आक्षेप संभवतात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. वीस वर्षांसाठी आखलेली योजना जशीच्या तशी राबविणे शक्य नसते. महामार्ग येतो, उद्योग येतो, लोकसंख्येचा अंदाज चुकतो. अशा वेळी फेरबदलाची वाट बंद केली, तर आराखडा हाच विकासातील अडसर होईल. जमीनमालकाचा प्रश्नही खरा आहे. आरक्षण पडले, पण संपादन झाले नाही, अशा स्थितीत वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या मालकांसाठीच कलम १२७ आहे, आणि गिरनार ट्रेडर्स प्रकरणी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा अर्थ मालकांना दिलासा मिळेल असा लावला. कोरडवाहू शेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबाला शहराच्या वाढीचा लाभ एकदा मिळत असेल, तर तो नाकारण्याचा अधिकार शहरात पक्क्या घरात राहणाऱ्या अभ्यासकाला नाही.

हे सर्व मान्य करूनही एक वस्तुस्थिती उरते. फेरबदलाचा प्रस्ताव तयार करून घेणे, त्याचा पाठपुरावा करणे आणि मंत्रालयापर्यंत जाणे हे अल्पभूधारकाच्या आवाक्यातील काम नाही. ते ज्याला जमते तो बहुधा जमीन आधीच विकत घेतलेला असतो. वाढीव मोल त्याच्याकडे जाते, मूळ शेतकऱ्याला शेतजमिनीचीच किंमत मिळालेली असते. ज्याला हे जमत नाही तो एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्टँपपेपरवर विकतो. त्यातून गुंठेवारी वसाहती उभ्या राहतात. त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली गेली. म्हणजे एकाच शहराच्या वेशीवर दोन वाटा दिसतात. एक वाट राजपत्रातून जाते, दुसरी गुंठेवारीतून. पहिल्या वाटेवर रस्ते आणि मोकळ्या जागा कागदावर तरी असतात. दुसऱ्या वाटेवर नळ आणि नाली यांसाठी पुढील पिढीपर्यंत थांबावे लागते. लवचिकता हवी, हे खरे. पण ती सर्वांना सारखी उपलब्ध नाही, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, भूवापर-निर्णयाच्या प्रचलित प्रक्रियेतील मुख्य दोष व्यक्तींचा नसून तिच्या मोजपट्टीचा आहे. ती प्रत्येक प्रस्ताव सुटा मोजते, हरकत ऐकते पण उत्तर देत नाही, आणि निर्णयाचा कर्ता कोण हे स्पष्ट होऊ देत नाही. यावर तीन उपाय सुचवावेसे वाटतात.

पहिला, प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने आपल्या क्षेत्रातील फेरबदलांची चालू नोंदवही ठेवावी आणि प्रत्येक नव्या सूचनेत त्या नियोजन घटकात आजवर झालेल्या फेरबदलांची बेरीज छापावी. ती बेरीज कलम २२-अ मधील दहा टक्क्यांच्या मर्यादेला पोचली, की पुढील प्रस्ताव किरकोळ मानू नये. दुसरा, हरकतदाराला सकारण लेखी उत्तर द्यावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) अन्वये प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर आहेच. त्यामुळे यासाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. तिसरा, जिल्हा नियोजन समितीने वर्षातून किमान एक बैठक केवळ अवकाशीय नियोजनासाठी आणि पाण्यासाठी राखून ठेवावी, आणि त्या बैठकीत जिल्ह्यातील सर्व प्राधिकरणांच्या फेरबदलांचा एकत्रित नकाशा मांडला जावा.

हा एकत्रित नकाशा तयार करण्याचे काम आपल्या महाविद्यालयांना करता येण्यासारखे आहे. राजपत्रे उपलब्ध आहेत, उपग्रह-चित्रे उपलब्ध आहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्यांना क्षेत्रप्रकल्पही करावयाचा असतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याने गट क्रमांक नकाशावर मांडावेत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने किंमती पाहाव्यात, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हरकत घेणाऱ्यांना भेटावे आणि मराठीच्या विद्यार्थ्याने ती सूचना शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत लिहून दाखवावी. बहुविद्याशाखीय अभ्यास या शब्दाला याहून चांगला अर्थ क्वचितच सापडेल. दहा फेरबदलांची बेरीज शासनाने अद्याप मांडलेली नाही. ती आपल्या वर्गात मांडली गेली, तर अकराव्या सूचनेला हरकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती निदान एक आकडा असेल.